गुणतालिकेआधी पगारपत्रक

फुटबॉलच्या २०२४-२५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये कोलकात्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग तळाला राहिला. २४ सामने, त्यांत २ विजय, ७ बरोबरीत, १५ पराभव. केलेले गोल १२, खाल्लेले ४३. जे दोन सामने जिंकले ते चेन्नई आणि बंगळुरूला जाऊन. कोलकात्यात, आपल्या माणसांसमोर, एकही नाही. हा क्लब १८९१ सालचा. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षं त्याने कलकत्ता लीग जिंकली, १९४० मध्ये ड्युरँड कप जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. आदल्याच वर्षी आय-लीग ही खालची लीग जिंकून तो मोठ्या लीगमध्ये चढला होता. एवढी पुण्याई पाठीशी असताना पहिलाच हंगाम असा जावा, याचं कुणालाही वाईट वाटेल.

मला मात्र त्या ४३ गोलांपेक्षा जानेवारी २०२५ जास्त टोचतो. त्या महिन्यात या संघाने बंगळुरूला त्यांच्याच मैदानावर १-० ने हरवलं, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस प्रशिक्षक आंद्रेई चेर्निशोव्ह क्लब सोडून गेले. आय-लीग जिंकून देणारा हाच माणूस. जाण्याचं कारण डावपेचांचा वाद नव्हता, पगार थकला होता. खेळाडूंनीही थकबाकीपायी सरावाला जायला नकार दिला. मग उरलेल्या हंगामाची चर्चा कशी झाली? परदेशी खेळाडू कमी पडले, गोल करणारा कुणी नव्हता, मोठ्या लीगचा अनुभव नव्हता. हे सगळं थोडंफार खरं असेल. पण ज्या संघात खेळाडूला घरभाडं कुठून द्यायचं याची चिंता आहे, त्या संघाचा बचाव का कोसळला याची चिकित्सा करणं मला अन्यायाचं वाटतं. पगार थकला त्या दिवशी तो हंगाम संपला होता. मार्च महिन्यापर्यंत जे चाललं ते वेळापत्रक होतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: व्यावसायिक फुटबॉल क्लबने हंगाम सुरू होण्याआधी पगाराची बँक गॅरंटी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे ठेवलीच पाहिजे, आणि पगार थकला तर गुण कापले गेले पाहिजेत. दंड नको, नोटीस नको. गुण. गॅरंटी नसेल त्या क्लबला मैदानात उतरू देऊ नये, मग त्याचा इतिहास केवढाही असो.

बडोद्यात बसून कोलकात्याच्या क्लबची उठाठेव कशाला, असं कुणी विचारेल. एक तर मी आयुष्यभर बँकेच्या कर्जविभागात काम केलं. थकबाकी कशी सुरू होते, पहिल्या महिन्यात माणूस काय सांगतो आणि चौथ्या महिन्यात काय, हे मी टेबलाच्या अलीकडून पाहिलं आहे. दुसरं, आता आमच्या गावातली मुलं या धंद्यात उतरू लागली आहेत. दांडिया बाजार, रावपुरा, नवापुऱ्यातल्या मराठी घरांत पूर्वी मुलगा मैदानावर गेला म्हणजे क्रिकेटला किंवा आखाड्यात गेला, असंच धरून चालायचे. आज त्याच घरांतली पोरं रात्री जागून युरोपातले सामने बघतात आणि सकाळी पोलो मैदानावर बूट बांधून हजर असतात. गुजरात सुपर लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात ‘वडोदरा वॉरियर्स’ नावाचा संघ होता. पहिला हंगाम मे २०२४ मध्ये अहमदाबादच्या एका मैदानावरच झाला, त्यामुळे आपल्या नावाचा संघ बघायला बडोदेकरांना अहमदाबाद गाठावं लागलं. पण नाव आलं, आणि नाव आलं की घराघरांत प्रश्न येतो: यात पोट भरतं का?

हा प्रश्न आमच्याकडे जास्तच टोकदार असतो, आणि त्यामागे इतिहास आहे. बडोद्यातली बहुतेक जुनी मराठी घरं गायकवाड सरकारच्या चाकरीत इथे आली. शिलेदार, कारकून, खानगी खात्यातले नोकर, शिक्षक, पुजारी. शेतीवाडी मागे राहिली होती, व्यापार गुजराती बंधूंच्या हातात होता. आमच्याकडे होता तो महिन्याचा पगार. त्या पगारावर मुलं शिकली, वाडे उभे राहिले, गणपती बसले. त्यामुळे पगार वेळेवर होतो की नाही, यावरून मालकाची पत जोखायची सवय आमच्या हाडीमासी आहे. तिला कोत्या मनाची कारकुनी म्हणून हिणवणारेही भेटतात. मला ती शहाणपणाची वाटते.

आणि खेळाडूला पगारावर ठेवणं ही काही युरोपातून आलेली कल्पना नाही. मार्च १९४७ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोदा आणि होळकर समोरासमोर आले. विजय हजारे २८८, गुल महंमद ३१९, चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी. कुठल्याही गड्यासाठी त्याहून मोठी भागी प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये व्हायला २००६ साल उजाडावं लागलं. ती भागी बडोद्याच्या प्रत्येक मराठी घरात पाठ आहे. पण हजारे सांगलीचे आणि गुल महंमद लाहोरचे, हे दोघं बडोद्याकडून का खेळत होते, हे फारसं कुणी विचारत नाही. संस्थानाने त्यांना सांभाळलं होतं म्हणून. हजारे बडोदा संस्थानाच्या नोकरीत होते. समोरच्या संघाचे सी. के. नायडू होळकरांच्या फौजेत हुद्द्यावर. सामना बडोद्याने एक डाव आणि ४०९ धावांनी जिंकला, होळकरांची धूळधाण झाली. पण म्हणून इंदूरच्या खेळाडूंचा पगार थांबला नाही. पुढच्याच वर्षी होळकरांनी करंडक परत नेला.

हरणं आणि थकवणं यांतला फरक तिथे दिसतो. हरलेला संघ पुढच्या वर्षी उभा राहतो, कारण माणसं जागेवर असतात. थकवलेला संघ उभा राहत नाही, कारण माणसंच पांगतात.

संस्थानं गेली आणि त्यांची जागा रेल्वेने, बँकांनी, गिरण्यांनी, कंपन्यांनी घेतली. फुटबॉलमध्ये तर खूपच. फगवाड्याचा जेसीटी हा गिरणीचा संघ, १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग त्यानेच जिंकली. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ चा विजेता. या संघांतल्या खेळाडूला पायाला मार लागला तरी कंपनीत टेबल असायचं. त्या व्यवस्थेत दोष होते. खेळाडू निवृत्तीच्या हिशेबाने खेळायचा, प्रेक्षक वाढवायची कुणाला गरज नसायची, संघ म्हणजे कंपनीच्या जाहिरातखात्यातली एक ओळ. महिंद्राने २०१० मध्ये संघ बंद केला, जेसीटीने २०११ मध्ये. २०१४ मध्ये सुपर लीग आली, झगमगाट आला, करारपत्रं आली, पूर्वी कुणी ऐकले नव्हते असे आकडे आले. २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. खेळाडूची नोकरी गेली आणि करार आला, इथपर्यंत ठीक. पण नोकरीसोबत जी हमी होती तिच्या जागी काय ठेवलं? काहीच नाही. मालकाचा शब्द.

त्या शब्दाची किंमत बघायची तर लीगमधल्या एका जागेचा प्रवास बघा. पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१४ पासून सुपर लीगमध्ये होता. २०१९ मध्ये तो बंद पडला आणि त्याची जागा नव्या मालकांनी घेतली, हैदराबाद एफसी जन्माला आला. हा क्लब चांगला चालला. २० मार्च २०२२ ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर अंतिम सामन्यात केरळ ब्लास्टर्सविरुद्ध पेनल्टीवर निकाल लागला, गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन फटके अडवले, आणि हैदराबाद विजेता झाला. दोन वर्षांनी, २०२३-२४ मध्ये, तोच क्लब २२ सामन्यांत एक विजय आणि ८ गुण घेऊन तळाला. मधे काय झालं? पगार थकले, फिफाने नवे खेळाडू घ्यायला बंदी घातली, हंगामाच्या मध्यात मोठे खेळाडू निघून गेले आणि अकादमीतल्या पोरांना अंगावर जर्सी चढवून पाठवलं गेलं. प्रशिक्षक थांगबोई सिंगतो त्या पोरांना घेऊन लढत राहिले, त्याबद्दल त्या माणसाला मी मनापासून मान देतो. २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला गेला आणि नावही बदललं. अकरा वर्षांत एक जागा, तीन शहरं. पुण्यातल्या ज्या माणसाने पहिल्या दिवशी नारिंगी जर्सी घेतली होती, त्याने आता कुणाला आपलं म्हणायचं?

हा प्रकार दोन क्लबांपुरता नाही. जुलै २०२५ मध्ये लीग चालवणारी कंपनी आणि महासंघ यांच्यातला करार डिसेंबरमध्ये संपणार म्हणून पुढचा हंगामच अडकला. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीसारख्या क्लबने पहिल्या संघाचे पगार थांबवत असल्याचं जाहीर केलं. हा क्लब देशातल्या सगळ्यात शिस्तीच्या क्लबांपैकी मानला जातो. तिथे ही गत, तर छोट्या क्लबांत काय होत असेल?

काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. आमच्या ओळखीच्या एका घरातला मुलगा, वय वीस, डाव्या बाजूचा बचावपटू, परप्रांतातल्या एका क्लबकडून त्याला बोलावणं आलं. वडील कागद घेऊन माझ्याकडे आले. “काका, सहीच्या आधी एकदा नजर टाका. इंग्रजी समजतं, पण डाव समजत नाही.” नऊ पानांचा करार होता. मुलाने काय करायचं नाही याची सात पानं: परवानगीशिवाय मुलाखत द्यायची नाही, दुसऱ्या कंपनीचे बूट सरावातही घालायचे नाहीत, वजन इतक्यावर जाता कामा नये, सराव चुकला तर इतका दंड. पगाराचं कलम साडेतीन ओळींचं. रक्कम लिहिली होती. कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, ते नव्हतं. उशीर झाला तर काय, ते नव्हतं. मुलाला दंड होता, क्लबला नव्हता. मी वडिलांना तारीख लिहून मागा म्हटलं. त्यांनी मागितली. तिकडून उत्तर आलं की सगळ्यांना हाच नमुना आहे, नको असेल तर दुसरे तयार आहेत. मुलाने सही केली. वीस वर्षांच्या मुलाने आणखी काय करायचं होतं?

पहिले दोन महिने पैसे आले. तिसऱ्या महिन्यापासून संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर सोमवारी एकच निरोप: या आठवड्यात होऊन जाईल. मग मेसमध्ये अंडी बंद झाली. मग फिजिओथेरपिस्ट येईनासा झाला, कारण त्याचेही थकले होते, आणि मुलगा मांडीचा ताणलेला स्नायू स्वतःच पट्टी बांधून खेळला. शेवटी त्याने आईकडे नव्या बुटांसाठी पैसे मागितले तेव्हा घरात कळलं. तोवर त्याने सांगितलं नव्हतं; वर्तमानपत्रात नाव आलेल्या मुलाने पगार होत नाही हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्या क्लबचा तो हंगाम वाईट गेला, स्थानिक बातमीत ‘निराशाजनक कामगिरी’ असं छापून आलं. कामगिरी कुणाची निराशाजनक होती, एवढं तरी त्या बातमीदाराने विचारायला हवं होतं.

नियम नाहीत, असं नाही. फिफाच्या २०१८ पासूनच्या नियमानुसार दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडू क्लबला पंधरा दिवसांची लेखी मुदत देऊन करार मोडू शकतो. आशियाई महासंघाच्या परवाना-अटींतही थकबाकी नसावी असं आहे. कागदावर छान. पण त्या वीस वर्षांच्या डाव्या बचावपटूने डिसेंबरात करार मोडला तर तो जाणार कुठे? खेळाडू घ्यायची खिडकी ठरावीक आठवड्यांपुरती उघडते. मधल्या काळात तो घरी बसणार, दुसरा कुणी त्याच्या जागी उतरणार, आणि पुढच्या वर्षी कुणी विचारलं तर ‘क्लबशी भांडला होता’ एवढंच लोकांच्या लक्षात राहणार. फुटबॉलपटूची कमाईची वर्षं दहा-बारा. त्यातलं एक गेलं तर ते परत येत नाही.

याहून मोठी मेख पुढे आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात. परदेशी खेळाडूची तक्रार फिफाकडे जाते. फिफा निकाल देते, क्लबने पैसे दिले नाहीत तर नवे खेळाडू नोंदवायला बंदी येते. भारतीय खेळाडूची भारतीय क्लबविरुद्धची तक्रार मात्र देशातच, महासंघाच्या समितीपुढे चालते. आता तुम्ही क्लबचे हिशेबनीस आहात असं धरा. तिजोरीत थोडेच पैसे आहेत. पहिले कुणाला द्याल? ज्याच्यामुळे फिफाची बंदी आहे त्याला. मग ज्याच्यामुळे बंदी येऊ शकते त्याला. भारतीय मुलगा रांगेत शेवटी, आणि मैदानावर पाणी मारणारा, जर्सी धुणारा, बस चालवणारा तर रांगेतच नाही. मी कर्जखात्यात हेच पाहिलं. अडचणीतला माणूस जो जप्ती आणू शकतो त्याचं आधी भागवतो. किराणावाला थांबतो, घरकामाची बाई थांबते. यात दुष्टपणा असतोच असं नाही, पण परिणाम तोच. म्हणून दुर्बळाच्या हातात जप्तीइतकं धारदार काहीतरी द्यावं लागतं.

इंग्लंडकडे बघू. शेफील्ड वेन्सडे हा १८६७ सालचा क्लब. २०२५ मध्ये तिथे पुन्हा पुन्हा पगार उशिरा झाले. ऑक्टोबरमध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनात गेला, १२ गुण कापले गेले. डिसेंबरमध्ये देणी न दिल्याबद्दल आणखी ६. पूर्वीच्या मालकाला तीन वर्षं इंग्लिश फुटबॉल लीगमधल्या कुठल्याही क्लबची मालकी घ्यायला मनाई झाली. १८ गुण म्हणजे सहा विजय मातीत. कठोर आहे, खेळाडूंचा दोष नसताना संघाला शिक्षा आहे, हे मला मान्य आहे. पण पाहा काय झालं. मालक असेपर्यंत त्या गावच्या लोकांनी आपल्याच मैदानावर जायचं बंद केलं होतं. प्रशासक आला, गुण कापले गेले, क्लब उणे आकड्यात गेला, आणि लोक तिकिटं काढून परत आले. क्लब तळाला असताना मैदान भरलं. प्रेक्षकाला पराभव चालतो. आपल्या नावावर कुणी माणसं फुकट राबवलेली त्याला चालत नाहीत, निदान तिथे तरी.

जर्मनीत तर गोष्ट तिथवर येऊच देत नाहीत. बुंडेसलिगात दर हंगामाआधी क्लबला पुढचं वर्ष पार पाडण्याइतका पैसा आहे, हे कागदोपत्री दाखवावं लागतं. पटलं नाही तर अटी येतात, अटी पुऱ्या झाल्या नाहीत तर परवाना नाही. इंग्लंडची वाट आजारानंतरच्या औषधाची, जर्मनीची पथ्याची. आपल्याला दोन्ही लागतील.

आता गॅरंटी म्हणजे नेमकं काय, ते सांगतो, कारण या शब्दाला लोक उगाच घाबरतात. बडोदा महानगरपालिकेचं गटाराचं काम घ्यायचं असेल तर ठेकेदाराला आधी अनामत भरावी लागते आणि काम मिळाल्यावर बँक गॅरंटी द्यावी लागते. बँक लिहून देते की ठेकेदाराने काम सोडलं तर आमच्याकडे पत्र टाका, आम्ही ही रक्कम देऊ. भांडण कुणाचं बरोबर, हे बँक विचारत नाही. मागणी आली की द्यायचे. फुटबॉल क्लबचा महिन्याचा पगार समजा एक कोटी आहे. चार महिन्यांची गॅरंटी म्हणजे चार कोटी. बँक क्लबच्या पतीप्रमाणे त्यातला काही भाग ठेव म्हणून अडकवून घेईल. पाव भाग धरला तर एक कोटी. शिवाय थोडं कमिशन. ज्याला एक महिन्याचा पगार बाजूला ठेवता येत नाही, त्याला क्लब चालवता येणार नाही, हे सप्टेंबरातच कळलेलं बरं. जानेवारीत कळून काय उपयोग? आणि बँकेचा अधिकारी ती गॅरंटी देण्याआधी क्लबचे ताळेबंद उघडून बघेल, मालकाची इतर कर्जं बघेल. महासंघाच्या कुठल्याही समितीपेक्षा ती छाननी कडक असते, कारण तिथे बँकेचे स्वतःचे पैसे जाणार असतात.

गॅरंटी वटवायचा अधिकार महासंघाकडे असावा, पण वटवायची की नाही हे ठरवायचा नसावा. सात तारीख उलटली, खेळाडूने बँकेचा उतारा जोडून अर्ज केला, पंधरा दिवसांत क्लबने भरल्याचा पुरावा दिला नाही, की पत्र गेलंच पाहिजे. सात तारीख मी मनाने काढलेली नाही. कारखान्यातल्या मजुराचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा, हे १९३६ च्या वेतन कायद्यापासून या देशाला माहीत आहे. पहिला पैसा मैदान सांभाळणाऱ्यांना आणि कपडेवाल्याला, मग सगळ्यात कमी पगाराच्या खेळाडूला, असं खालून वर जावं. आणि गॅरंटीला हात लावावा लागला की त्या क्लबचे तीन गुण गेले, म्हणजे एक विजय गेला. दुसऱ्या वेळी सहा. गुणतालिकेत क्लबच्या नावासमोर ते कापलेले गुण छापले जावेत, सगळ्यांना दिसतील असे.

गुणच का? कारण आपल्याकडच्या लीगमध्ये अपयशाला किंमतच नाही. मोहम्मडन तळाला राहिला आणि खाली गेला नाही. हैदराबाद तळाला राहिला आणि खाली गेला नाही. २०२४-२५ पर्यंत आय-लीगचा विजेता वर चढला, पण वरचा शेवटचा उतरला नाही. अशा बंद दाराच्या लीगमध्ये मालकाला घाई कशाची? वर-खाली जायची वाट उघडली पाहिजेच, पण नुसती ती उघडली आणि पगाराची हमी नसली तर आणखी वाईट होईल: खाली जाण्याच्या भीतीने मालक ऐपतीबाहेरचे खेळाडू घेतील आणि सहाव्या महिन्यात सगळ्यांचेच थकवतील. आधी हमी, मग दार.

या मागणीवरचा एक आक्षेप मला खरंच वजनदार वाटतो. भारतात फुटबॉल क्लब नफ्यात चालत नाही. प्रक्षेपणाचे पैसे तुटपुंजे, तिकिटाचे त्याहून तुटपुंजे. जे कुणी यात पैसा घालतात ते हौसेने, शहराच्या प्रेमापोटी घालतात. अशा लोकांवर गॅरंटीचा बोजा टाकला तर ते येणारच नाहीत, चौदा क्लबांचे आठ उरतील, आणि उरलेल्या सहा क्लबांतली दीडशे मुलं बेकार होतील. हे होऊ शकतं. पण ती दीडशे मुलं आज काय आहेत? कागदावर नोकरीत, हातात शून्य. ज्याला नोकरी नाही तो निदान दुसरं काम शोधतो. ज्याला या आठवड्यात होऊन जाईल असं सांगितलं जातं तो आठ महिने थांबतो. आठ क्लबांची लीग जिथे सगळ्यांचे पगार होतात, ती मला चौदांच्या लीगपेक्षा हवी आहे. तिथून ती वाढेल. पुणे, हैदराबाद ही उदाहरणं सांगतात की हौशी मालक अटी नसतानाही निघूनच जातो. फरक इतकाच की जाताना थकबाकी ठेवून जातो. हौस चांगली गोष्ट आहे. माझ्या हौशीची किंमत दुसऱ्याच्या मुलाने भरावी, याला मात्र हौस म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप, खेळाडूंना लाखांनी मिळतात, त्यांचे दोन महिने थकले तर काय बिघडलं, हा मी पानाच्या गादीवर बऱ्याचदा ऐकतो. त्याला फार वेळ देत नाही. लाखांनी मिळणारे मूठभर आहेत, आणि ज्याला लाख कबूल केले त्याला लाखच दिले पाहिजेत.

आता आमच्या गावाचं. गुजरातेत पैसा आहे, मैदानं होत आहेत, आणि आज ना उद्या बडोद्याच्या नावाने बारमाही व्यावसायिक क्लब उभा राहणार, याबद्दल मला शंका नाही. कुणीतरी मालक येईल, लक्ष्मी विलास पॅलेसचं चित्र असलेलं बोधचिन्ह काढेल, सयाजीरावांचं नाव घेईल, नवलखी मैदानावर दिव्यांच्या झगमगाटात उद्घाटन होईल. पालिकेकडे मैदान मागेल, दिवाबत्तीत सवलत मागेल. द्यावी. मी स्वतः हंगामाचं तिकीट काढीन आणि नातवंडांना घेऊन जाईन. पण मैदानाचा करार करताना पालिकेने आणि आपल्या नगरसेवकांनी त्या मालकापुढे तीन गोष्टी ठेवाव्यात. पगाराच्या गॅरंटीची प्रत महासंघात असेल तसंच तिची नोंद पालिकेतही हवी. दर महिन्याच्या आठ तारखेला ‘गेल्या महिन्याचे सर्व पगार झाले’ असं लेखापरीक्षकाच्या सहीचं पत्रक मैदानाच्या तिकीटखिडकीवर लागलं पाहिजे. सलग दोन महिने ते लागलं नाही तर मैदानाची सवलत रद्द. पालिकेला यासाठी दिल्लीच्या कुठल्या महासंघाची वाट बघायची गरज नाही. मैदान आपलं आहे, अट आपण घालू शकतो. महासंघ आज ऐकत नसेल तर एका शहराने सुरुवात करावी, आणि ते शहर बडोदा का नसावं?

आणि आपण प्रेक्षकांनीही तिकीट काढण्याआधी ते पत्रक वाचावं. ते लागलेलं असेल आणि संघ सलग सहा सामने हरला असेल, तरी जावं, ओरडून घसा बसवावा. लागलेलं नसेल तर संघ पहिल्या नंबरावर असला तरी खिडकीवर उभं राहून विचारावं की पोरांचे पैसे झाले का, आणि उत्तर मिळेपर्यंत रांग पुढे सरकू देऊ नये.